हवालदारांची हजेरी

आमच्या शेजारच्या हवालदारांना नवा माणूस भेटला की ते त्याचं नाव विचारत नसत. विचारत, "तुमच्यातलं कोन बुडालं व्हतं का?"

विश्रामबागेत नव्यानं राहायला आलेल्यांनी याचा भलताच धसका घेतला होता. कारण साधं होतं. पहिल्या महायुद्धात आपल्याकडचे शिपाई घेऊन निघालेली एक बोट बुडाली होती. आपला आजा तिच्यावर होता, असं हवालदार म्हणत. कडेगावकडचं त्यांचं गाव मात्र म्हणे, "यशवंता कसला बुडतोय? पळाला त्यो!" पळपुटा म्हणून पितृपक्षात त्याच्या नावाचं पान तीन पिढ्या कुणी वाढलं नव्हतं.

त्यात मी घरी फोनच्या तारेवरचं इंटरनेट घेतलं. विलायतेतल्या कुणा हौशी बाईंनी त्या बोटीवरच्या मृतांची यादी, बापाच्या आणि गावाच्या नावासकट, तिथं टाकायला घेतली होती. दर आठवड्याला थोडी नावं. झालं! रविवारी सकाळी सातला हवालदार कडक इस्त्रीत दारात हजर. चपला बाहेर, टोपी डोक्यावर. पडद्यावर एकेक ओळ रांगत उतरायची आणि प्रत्येक नावाला हे गरजायचे, "हाजिर बोलो!" तेवढा वेळ फोन अडकलेला, त्यामुळे कराडहून माझ्या सासूबाईंचा फोन लागायचा नाही. बायको धुसफुसायची. मी मनातून खूश.

आसपासचं एखादं गाव यादीत दिसलं, की हवालदार पेढे घेऊन स्कूटरवर निघालेच. "तुमचं म्हातारं घावलं!" एका घरात तर हे ऐकून सगळे परसात धावले, आपला म्हातारा हरवला कधी ते बघायला.

आणि एका रविवारी त्यांचंच गाव उतरलं! मी खुर्चीतून उठलोच. पुढं नाव आलं, ज्ञानू रामजी.

हवालदार हसतच सुटले. "आवं सर, ह्यो तर माझा चुलतआजा! ह्येनंच मला हिरीत पवायला शिकवलं. बुडंल कसा?"

हसता हसता ते थांबले.

"पितृपक्षात ज्ञानूआजा जेवायचा न्हाई. आपलं वाढल्यालं पान उचलून कावळ्याला ठेवायचा. म्हनायचा, ह्ये माझ्या वाट्याचं न्हवं." त्यांनी टोपी काढली. "भरतीत नाव त्येचं लागलं व्हतं. लगीन ठरल्यालं त्येचं. त्येच्या नावावर थोरला गेला, सर. माझा आजा गेला. आन् सरकार धरंल म्हनून ह्येनं जलमभर त्वांड उघडलं न्हाई."

चहा घेऊन आलेली बायको दारातच उभी राहिली.

"सर, एकदा हाक मारा," हवालदार म्हणाले. "खऱ्या नावानं."

"यशवंत रामजी," मी म्हणालो.

हवालदारांनी टोपी घातली, अनवाणी टाचा जुळवल्या आणि अगदी हळू म्हणाले, "हाजिर हाय जी."