खैरनारकाका आणि आज्ञाधारक पोट

आमच्या सातपूरच्या कॉलनीत खैरनारकाका कुणाला नमस्कार करत नसत. माणूस गाठायचा आणि थेट विचारायचं, "काय, पोट काय म्हणतंय?" एकदा दुखवट्याच्या घरीही त्यांनी हेच विचारलं, आणि रडणाऱ्या यजमानांना वर तांब्याभर कोमट पाणी प्यायला लावलं.

कारखान्यात ते इन्स्पेक्टर. तिथे नटबोल्ट तपासायचे, घरी आले की आमची पोटं. "सवय लावा, पोट ऐकतं," हा त्यांचा मंत्र. पोट म्हणजे जणू यांच्या हाताखालचा हेल्पर! लग्न होऊन सुरतेला गेलेली त्यांची शोभा पहिल्यांदा माहेरी आली, तेव्हा बिचारी म्हणाली, "बाबा, तिकडची गोड डाळ घशाखाली उतरत नाही. पोट सारखं दुखतं." माझ्यादेखत काकांनी तिलाही मंत्रच ऐकवला. मला असा संताप आला म्हणून सांगू!

ती परत गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून काकूंनी ओळखीच्यांकडून सशाचं पिल्लू आणलं. नुकतंच आईपासून तोडलेलं, सुक्या गवतावर वाढलेलं. काकांनी पहिल्याच दिवशी हुकूम सोडला, "गवत बंद! नाशकात राहायचं तर नाशिकचं खायचं." कोबी, काकडी, वर मूठभर द्राक्षं. सशापुढे उकिडवे बसून जावयाला करावा तसा आग्रह चालला होता, "घे रे, लाजू नकोस."

दुसऱ्या दिवशी पिल्लाला ढाळ लागले. काकांच्या उत्साहाला काय विचारता! बेंबी सापडेना, तरी पोटभर हिंगाचा लेप झाला. ओव्याचं पाणी झालं. पिल्लू लेप चाटून शिंकलं आणि कोपऱ्यात अंग आखडून बसलं. कशालाच तोंड लावेना. काकू रडायला लागल्या, "हेही जाणार का हो आपल्या घरातून?" तेव्हा मीच काकांना पिल्लाच्या टोपलीसकट सायकलवर घातलं आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पिल्लू तपासलं, औषध दिलं आणि काकांकडे वळले. "आई सुटली, घर सुटलं, त्यात एका दिवसात जेवणही बदललंत? पूर्वीचं सुकं गवत आणि पाणी द्या, बाकी सगळं बंद. नीट बरं झालं की मग नवा पाला, चिमूटचिमूट."

"अहो, सवय लावली की पोट ऐकतं," काका म्हणाले.

"ऐकेल की. पण तोवर जीव टिकायला नको का?"

येताना काका मागच्या कॅरिअरवर टोपली पोटाशी धरून बसले होते. मला तर गुदगुल्या होत होत्या.

पिल्लू सावरलं. पुन्हा कडक लेंड्या दिसल्या, त्या काकांनी कागदावर घेऊन गल्लीभर दाखवल्या. आम्ही नाश्त्याला बसलो होतो, पण त्यांना काय त्याचं!

त्याच दुपारी त्यांनी मला ओझं उचलायला बोलावलं. बाजरीचं पीठ, काळा मसाला, ठेच्याची बरणी. स्टँडवर सुरतेची एस.टी. लागली होती.

"विहीणबाईंच्या पाया पडतो," खिडकीतून काका म्हणाले. "एक वेळ तरी शोभाला भाकरी करू द्या म्हणतो. तिकडचं खाईल हळूहळू."

मला चेष्टा सुचली. "काका, आज तुमचं पोट काय म्हणतंय?"

"सकाळपासून घास उतरला नाही रे," ते म्हणाले. "मागल्या वेळी पोरगी न जेवता गेली. ताट तसंच राहिलं होतं, आणि मी तिला थांब म्हणालो नाही."