वरिष्ठांचा मान राखणारा व्हिडिओ

वरिष्ठ बोलत असताना कनिष्ठाने गप्प बसावे, या एकाच तत्त्वावर जगातली सगळी कार्यालये उभी आहेत. आमच्याकडे या तत्त्वाचा भंग आजवर एकानेच केला, आणि तो कर्मचारी नसल्यामुळे त्याच्यावर कारवाई करता आली नाही. तो प्रेझेंटेशनमधला व्हिडिओ होता.

गेल्या वार्षिक सभेत मोठे साहेब पडद्यासमोर उभे राहून बोलत होते. त्यांच्या पाठीमागे स्लाइडमधला व्हिडिओ आपणहून सुरू झाला आणि साहेबांचे वाक्य अर्धेच राहिले. लगेच समिती नेमली गेली. वरिष्ठांच्या तुटलेल्या वाक्यांपैकी शंभर टक्के वाक्ये महत्त्वाची असतात, असे समितीला आढळले (वाक्ये पुरी न झाल्याने पडताळणी करता आली नाही).

व्हिडिओला वळण लावायचे काम प्रोग्रामरबाईंकडे आले. बाई कित्येक वर्षे तात्पुरत्या होत्या. इतक्या, की त्यांना कामावर घेणारे साहेब कायम होऊन निवृत्तही झाले. यंदाच्या सभेत व्हिडिओ नीट वागला तर बाईंना कायम करायचे ठरले. घरी सासूबाई रोज दारातच विचारत, "झालीस का गं कायम?" बाई चपला काढता काढता "बघू" म्हणत.

बाईंनी असा प्रोग्राम लिहिला की डोळे निवावेत. माईकवर मोठ्या साहेबांचा आवाज आला की व्हिडिओ जागच्या जागी थांबे, आणि साहेब क्षणभर गप्प झाले की तिथूनच पुढे चाले. उपसाहेबांसाठी तो थांबत नसे, नुसता आवाज थोडा लहान करी. बाकीच्यांचे तो ऐकतच नसे (एवढी समज यायला माणसाला अर्धी नोकरी लागते).

बाईंनी एकच शंका काढली. "व्हिडिओतसुद्धा मोठे साहेबच बोलतात. म्हणजे तो स्वतःच्याच आवाजाने थांबेल. पडद्यावरचा आवाज वगळू या का?"

उपसाहेबांनी चष्मा काढला. "मोठ्या साहेबांना वगळायचं म्हणताय?"

ती ओळ लिहिली गेली नाही.

सभेत व्हिडिओ लागला. पडद्यावरचे साहेब म्हणाले, "मित्रहो," आणि व्हिडिओ आदराने थांबला. क्षणभराने ते म्हणाले, "आपण". पुन्हा थांबला. साहेब एकेक शब्द तोलून बोलताहेत, असे सभागृहाला वाटले. पहिल्या रांगेत कोणीतरी टाळी वाजवली आणि मग प्रत्येक शब्दाला टाळ्या पडू लागल्या. "आणि" या शब्दाला तर लोक उभे राहिले. चहा गार झाला, दुपार कलली. साहेब बोलत असल्याने उठायची सोय नव्हती.

खरे साहेब भारावून माईकपाशी आले. "माझ्या बोलण्याला इतकं वजन आहे, हे मला आजच कळलं. याचं श्रेय बाईंना. बाईंना आजपासून..."

इथे सभेची उत्सुकता ताणावी म्हणून त्यांनी श्वास घेतला. तेवढ्यात पडद्यावरचे साहेब म्हणाले, "प्रगती". खऱ्या साहेबांनी त्या आवाजाला आयुष्यात कधी अडवले नव्हते. ते अदबीने गप्प झाले.

बाईंनी वायरीला हात घातला. "काढू का, सर?"

"साहेब बोलताहेत," उपसाहेब कुजबुजले.

"थांबलेत ते."

"बोलता बोलता थांबलेत."

व्हिडिओ संपेपर्यंत आपण काय बोलत होतो, हे साहेबही विसरले.

सभा यशस्वी झाल्याची नोंद आहे. एकही प्रश्न आला नाही. "बाईंना आजपासून" एवढ्याची अंमलबजावणी दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. बाई रोज येतात, जागेवर बसतात आणि पुढच्या शब्दांची वाट पाहतात. साहेबांना मधेच आठवण करून देणे शिस्तीत बसत नाही. सासूबाईंनी विचारणे सोडले आहे, याचे मला खरोखर वाईट वाटते.

आपण मात्र त्या व्हिडिओला पोटभर हसलात. परवाच्या बैठकीत आपले म्हणणे रास्त होते, तरी साहेबांनी नुसता घसा खाकरताच आपण ते अर्ध्यात टाकून थांबलात. आणि आपल्यात तर कोणी प्रोग्रामही घातलेला नव्हता.