पलंगाखालची जागा

आमच्या लालबागच्या चाळीतले परबकाका कुत्र्यांची स्थळं जमवतात. पण कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवताना त्यांना कुणी पाहिलेलं नाही. कुत्रा समोर आला की यांचे दोन्ही हात पाठीमागे.

परळच्या एका औषधांच्या प्रयोगशाळेत काका तीस वर्षं कुत्री सांभाळायचे. निवृत्त झाल्यावर, प्रयोग संपलेल्या कुत्र्यांना घरं शोधायचं हे लचांड त्यांनी मागे लावून घेतलं. तेही अगदी रीतसर. काका घर 'बघायला' जातात. पोह्यांची बशी पुढे आली की म्हणतात, "ते मागाहून. आधी पलंगाखाली बघूया." आणि खिशातली बॅटरी काढून चक्क रांगतात.

"जन्म पिंजऱ्यात गेला हो या कुत्र्यांचा. घाबरली तर लपायला जागा नको?"

आता मुंबईत कुणाच्या पलंगाखाली जागा असते? बॅगा, पितळेची भांडी, गणपतीचं मखर. स्थळ नापास! माटुंग्याला एकदा पलंगाखाली लख्ख मोकळं निघालं, तर बाईंनी विचारलं, "राखण करेल ना?"

"मग वॉचमन ठेवा," म्हणून काका पोह्यांना न शिवता उठले.

शेवटी चिंगी ही एकच कुत्री उरली. आठ वर्षांची, एका डोळ्याने अधू. तिला कुणी विचारीना. काका रोज चहाला येऊन माझ्या पलंगाकडे बघायला लागले, तेव्हाच मी काय ते ओळखलं. बायकोने कुरकुरत रुखवताची भांडी माळ्यावर चढवली. काका रांगले. "पास!"

चिंगी आली ती तडक पलंगाखाली गेली. काका दारातच, हात मागे बांधून.

मी थट्टेने म्हटलं, "काका, एकटेच राहता. एखादी स्वतःच का नाही ठेवली?"

"माझ्या हाताक भियतत रे ती," काका म्हणाले. "सुई टोचताना धरून कोण ठेवायचा? मीच."

मला माझ्या थट्टेची लाज वाटली.

पुढे रोज संध्याकाळी काका यायचे आणि उंबऱ्याशी बसायचे, हात मागेच. विसाव्या की बाविसाव्या दिवशी चिंगी पलंगाखालून निघाली. काकांना वळसा घालून मागे गेली.

काका ताठ झाले. "काय करता रे ती?"

"हात चाटतेय, काका."

काकांचे डोळे भरून आले होते. तेवढ्यात बायको पोह्यांची बशी घेऊन आली.

"वायच थांब गो," काका हळूच म्हणाले. "हात मोकळे नाय."