दोन बोटं, दोन डबे

"वहिनी, तू आराम कर. दारू मी आणतो!"

भर ऑफिसात मी छाती काढून हे म्हणालो आणि टायपिस्टबाई खुर्चीसकट माझ्याकडे वळल्या. अहो, बंदुकीची दारू! आमच्या संग्रहालयात एक ठासणीची बंदूक आहे. महिन्यातून एकदा ती लोकांसमोर वाजते. ती भरते आणि वाजवते माझी वहिनी, संग्रहालयातली शस्त्रांची कारागीर. तिच्यापुढे गंजलेला खटकासुद्धा शहाण्या मुलासारखा वागतो! मी तिथलाच कारकून.

त्या दिवशी वहिनीचा घसा पार बसला होता. शब्द फुटेना. तिनं दोन बोटं दाखवली.

"दोन डबे ना? समजलं!"

तिनं जोरजोरात मान हलवली. मान आडवी हलली की उभी, हे बघायला मी थांबलोच नाही.

परवान्याचे कागद बघून दुकानदारानं विचारलं, "कोणत्या दाण्याची? एक नंबर जाड, चार नंबर अगदी पिठासारखी."

"आमच्याकडे हलकं काही चालत नाही. सगळ्यात बारीक द्या. दोन डबे!"

"वहिनींना विचारलंत?"

"त्यांनीच तर पाठवलंय!"

दुपारी चारला अंगणात दोनशे माणसं. वहिनीनं डबा उघडला, चिमूटभर दारू कागदावर घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि झाकण लावून टाकलं. मग बोटांच्या भानगडीत न पडता पाटी घेऊन लिहिलं, 'हवी होती दोन नंबर. ही भसकन पेटते. नेहमीएवढी भरली तर नळी फुटेल.'

बंदुकीला गाल लावून उभी राहणार होती ती!

साहेब धावत आले. "अहो, लोक खोळंबलेत! थोडी कमी घाला, पण वाजवा!"

'अंदाजानं बंदूक भरत नाही.'

"हा माझा हुकूम समजा!"

'मग तुम्हीच भरा' अशा थाटात वहिनीनं शांतपणे ठासायचा गज त्यांच्यापुढे धरला. साहेब तीन पावलं मागे सरले ते थेट कुंडीत बसले! अंगणभर हशा.

मग तिनं कपाटातून चारही दाण्यांच्या नमुन्याच्या इवल्याशा बाटल्या आणल्या. ती पाटीवर लिहायची, मी मोठ्यानं वाचायचो. कोणता दाणा कुठं, आणि दाणा चुकला तर काय होतं, सगळं! "ज्यानं चूक केली त्याच्याच तोंडून ऐका," हेही तिनं मला वाचायला लावलं. लोक तासभर हलले नाहीत. आवाज एकही झाला नाही, टाळ्या मात्र कडाडल्या. काय बाई आहे! घसा बसलेला, समोर साहेब, तरी तसूभर हलली नाही.

सगळे पांगल्यावर मी हळूच विचारलं, "वहिनी, या दोन डब्यांचं काय करायचं गं?"

तिनं पाटी पुसून लिहिलं, 'बारीक दारू ठिणगी पडते तिथं लागते. महिन्याला एक चिमूट. दोनशे वर्षं पुरेल. तोवर तू दुकानात जायचं नाहीस.'