न दिसणारं मशीन

पूर्णा येथील सेवानिवृत्त अव्वल कारकून गोविंदराव यांच्या कानांचं प्रकरण घरात चार वर्षं प्रलंबित होतं. मूळ तक्रार पत्नी सुमंगलाबाईंची. त्यावर गोविंदरावांचा शेरा ठरलेला: 'कान ठीक आहेत, लोकच हल्ली पुटपुटतात.' मात्र शेजारच्या सूर्यभाननं वडील गेल्याचं सांगितलं आणि गोविंदरावांनी त्याचं तोंडभरून अभिनंदन करून पेढे मागितले, तेव्हा प्रकरण तातडीचं झालं.

हयातीचा दाखला द्यायचाय असं घरी सांगून त्यांनी एकट्यानंच परभणी गाठली. सोबत तीन दुकानांच्या दरांचा तुलनात्मक तक्ता होता, लाल शाईनं आखलेला.

कान तपासणाऱ्या अर्पिता मॅडमनी विचारलं, "काका, तुमाला जास्त कुठं ऐकायचंय? घरात, बाजारात, का फोनवर?"

"ते राहू द्या. दिसणार किती?"

"कानामागचं घ्या. तुमच्या कानाला तेच मानवंल. किंमतही निम्मी."

पण तक्त्यात 'गरज' या रकान्याखाली गोविंदरावांनी घरूनच 'गोपनीयता' असं लिहून आणलं होतं. सबब, कानाच्या आत गडप होणारी, दुप्पट किमतीची जोडी मंजूर झाली.

अडचण दुसऱ्या दिवशी उघड झाली. मशीन कुणाला दिसत नसल्यानं घरातले सगळे पूर्वीसारखेच ओरडत होते. सून निवेदितानं "बाबा, चहा!" म्हटलं की गोविंदरावांच्या डोक्यात टाळ वाजत.

"एवढं कशाला ओरडायलीस? मी काय बहिरा आहे?" ते म्हणाले. पण हेच वाक्य ते चार वर्षं रोज म्हणत आले होते. त्यामुळे त्याची दखल कुणीच घेतली नाही. संशय येऊ नये म्हणून टीव्हीही त्यांना जुन्याच आवाजात लावावा लागे. हजारो रुपये खर्चून हा माणूस आता बहिरेपणाचं नाटक करत होता आणि त्यात त्याला चांगलीच गती होती.

तिसऱ्या दिवशी सुमंगलाबाई त्यांच्या शेजारी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या. मान खाली घालूनच त्या हळू आवाजात बोलू लागल्या.

"जिना चढताना छातीत दाटून यायलंय. दोन महिने झाले. नचिकेतला सांगावं तर लेकरू परगावची नोकरी सोडून धावत येईल. तुमाला सांगितलं की कुणालाच कळत न्हाई, म्हणून बरं वाटतं."

"काय म्हणालीस?" गोविंदरावांच्या तोंडून सवयीनं गेलं.

"शेंगा किडक्या हायत!" त्या ओरडल्या.

गोविंदरावांनी एका कानातलं मशीन काढलं आणि तळहातावर धरून पुढे केलं. "ऐकू आलंय मला. उद्या दवाखान्यात जायचं. दोन महिने सांगायलीस, पण कान असे. मला कसं कळणार?"

सुमंगलाबाईंनी मशीन निरखलं, मग नवऱ्याला.

"दोन महिन्यांचं जाऊ द्या. लग्नात तुमचे कान सव्वीस वर्षांचे होते. तवापासून सांगायले मी. तवा कोणतं मशीन बिघडलं होतं?"

गोविंदरावांनी मुद्दा नोंदवून घेतला आणि मशीन पुन्हा कानात घातलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "बाई, काय होतंय?"

"जिना चढताना छातीत दाटतं, दोन महिने झाले," गोविंदरावांनी तत्परतेनं सांगितलं.

"काका, मी त्यांना विचारलं."

गोविंदराव ओशाळले. तपासणीत हृदय ठीक निघालं, रक्त मात्र फार कमी होतं. गोळ्या लिहून घेऊन दोघं बाहेर आले. बाकावर पाच-सहा जोडपी बसली होती. नर्स एकेका बाईला त्रास विचारत होती आणि दर वेळी शेजारी बसलेला नवरा उत्तर देत होता. एकानं तर बायकोचं वयही सांगितलं, ते सात वर्षांनी चुकलं, आणि नर्सनं तेच लिहून घेतलं.

गोविंदरावांनी त्या पुरुषांचे कान निरखून पाहिले. सगळे ठणठणीत होते.