शांताराम फिटरची रॅम

२०२३ साली मी बहात्तर वर्षांचा होतो आणि शेजारचा शांताराम चौऱ्याहत्तरचा. त्या वर्षी त्याने स्वतःची कवळी घासली. कवळी हिरडीला टोचत होती. दुसरा कोणी डॉक्टरकडे परत गेला असता. शांतारामने खिशातली कानस काढली, खिडकीपाशी बसला आणि घासून घासून कवळी तोंडात बसवली. वर मला चणे खाऊन दाखवले.

घोडपदेवच्या आमच्या चाळीत सगळे त्याला शांताराम फिटरच म्हणतात. गिरणीत तो फिटर होता, मी साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर. गिरणी बंद होऊन जमाना झाला, पण कानस काही त्याच्या खिशातून गेली नाही. दाराची कडी असो की कुकरची शिट्टी, बोलणं एकच : "दोन हात मारले की बसता!"

हा माणूस त्याच्या गावच्या मुंबई मंडळाचा चिटणीस. गाव कोकणात, पण निम्मा गाव मुंबईत. त्या सगळ्यांची यादी शांतारामच्या टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरात. गेल्या सभेत तरुण पोरं म्हणाली, "काका, आता तुम्ही आराम करा. आम्ही लॅपटॉपवर करतो." शांताराम भडकला. "पुढच्या सभेक छापील यादी हातात ठेवतंय. नाय ठेवली तर चिटणीसपद घेवा."

सभा रविवारी. आणि शुक्रवारी कॉम्प्युटरने तीन शिट्ट्या मारल्या. पडदा काळा.

ओळखीच्या मेकॅनिकने फोनवरच सांगितलं, रॅम गेली. रॅम म्हणजे आतली मेमरीची पट्टी, वितीपेक्षा लहान. शनिवारी सकाळी शांताराम तडक लॅमिंग्टन रोडला गेला आणि "सगळ्यात नवी द्या" म्हणून एक पट्टी घेऊन आला. ती खोबणीत बसेना. झालं! कानस बाहेर.

मी दारातूनच ओरडलो, "शांत्या, खबरदार हात लावलास तर!"

"गप रव रे घाट्या. खाच दोन सूत बाजूक आसा. दोन हात मारले की बसता."

"एका साच्याचा धोटा दुसऱ्या साच्याला कधी चालला होता का?"

"तू चौथी पास, माका शिकवतंस?"

"आणि तू तिसरीत किती वर्षं होतास?"

मी कानस हिसकावून माझ्या खिशात घातली. म्हटलं, जुनी पट्टी घे आणि चल.

दुकानातल्या बाईंनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरल्या. "काका, तुमची डीडीआर थ्री. ही फोर. चुकीची बसू नये म्हणूनच खाच वेगळी ठेवतात. घासून बसवली असती तर बोर्डसुद्धा गेला असता." जुन्या पट्टीवरचे आकडे वाचून त्यांनी तशीच थ्री बदलून दिली. परतताना शांताराम बसमध्ये खिडकीबाहेर बघत होता. माझ्याकडे बघायची टाप नव्हती.

घरी पट्टी बसली. बटण दाबलं. पुन्हा तीन शिट्ट्या.

शांताराम खाली बसला. "जावंदे. करूंदेत पोरा."

मला संताप आला. साचा अडला की मी कधी हात टेकले नव्हते, एकेक भाग तपासायचो. बोर्डावर खोबणी दोन होत्या. पट्टीचे पिवळे दात मी खोडरबराने पुसले, दुसऱ्या खोबणीतली धूळ ब्रशने काढली आणि पट्टी तिथे लावली. दोन्ही बाजूंचे चाप खट्, खट् वाजेपर्यंत अंगठ्यांनी दाबली.

एकच शिट्टी. पडद्यावर उजेड!

"बसली!" शांताराम असा ओरडला की खालची भाजीवाली वर बघायला लागली.

"बसवली कोणी?"

"तुझ्या बापसान!"

संध्याकाळी यादी छापून निघाली. मी ऐटीत एकेक पान वाचत होतो. नाव, खोली, फोन आणि शेवटचा रकाना : काही झालं तर कोणाला कळवायचं. बहुतेकांपुढे मुलगा, सून, भाऊ. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांपुढे मात्र, लालबागचे असोत की माटुंग्याचे, एकच नाव : शांताराम. असे सतरा जण.

मग त्याची स्वतःची ओळ आली. शेवटचा रकाना कोरा.

"हे राहिलं वाटतं?"

"ऱ्हवांदे. कोणाक त्रास कशाक," तो पानं जुळवत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सभेच्या आधी, मी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि त्याचं दार ठोठावलं. म्हटलं, "कॉम्प्युटर चालू कर. तुझ्या ओळीत माझं नाव घाल. मंडळाला घाट्याचं नाव चालत नसेल तर सभेत येऊन भांडतो." तो एका बोटाने एकेक अक्षर दाबत बसला, आणि नवं पान छापून हातात पडेपर्यंत मी त्याच्या खुर्चीमागून हललो नाही.