युनूसभाईंचा मशवरा

युनूसभाईंबरोबर रिक्षात बसायचं तर रिक्षा सुरू व्हायच्या आधी अमीर ठरवावा लागतो. अमीर म्हणजे म्होरक्या. माणसं मिळून प्रवासाला निघाली की त्यातला एक अमीर पाहिजे आणि बाकीच्यांनी त्याचं ऐकलं पाहिजे, असं धर्माचं सांगत गावोगाव फिरणाऱ्या त्यांच्या जमातीत शिकवतात. गेल्या वर्षी त्यांच्या बायकोचा, रझियाभाभीचा पाय मुरगळला. तिला दवाखान्यात न्यायला मीही निघाले. भाभी इकडं कळवळतीय, आणि हा माणूस शहागंजच्या चौकात रिक्षात बसून एकेकाची राय घेतोय. शेवटी रिक्षावालाच अमीर ठरला, कारण हँडल त्याच्या हातात. अमीर झाल्या झाल्या तो आधी गॅस भरायला गेला. मी बोलायला तोंड उघडलं तर युनूसभाई म्हणाले, "मंदाताई, आता अमीरचं ऐकायचं."

मला या माणसाचा लई राग येतो. आत्ता सांगतानासुद्धा येतोय.

बावीस वर्षांचा शेजार आहे आमचा, मधली भिंत एक. मी ब्लाउज शिवते. ते वाळूजच्या एका कंपनीत स्टोअरला हेल्पर होते, आता रिटायर. उंच, किडकिडीत, दाढी पांढरी, पायजमा घोट्याच्या दोन बोटं वर. पायजमाही मीच शिवते, ती दोन बोटं ते स्वतः मापून देतात. एकदा अडीच झाली तर पायजमा परत आणला होता.

रिटायर झाले आणि जमातीत शिरले. आता तिथला कारभार मला पाठ झालाय. आठवड्यातून एकदा मोहल्ल्यात दारोदार फिरायचं आणि लोकांना मशिदीत बोलवायचं. महिन्याला तीन दिवस दुसऱ्या वस्तीतल्या मशिदीत मुक्काम. वर्षाला चाळीस दिवस बाहेरगावी. वळकटी आपली, भांडी आपली, शिधा आपला. ना ऑफिस, ना रजिस्टर, ना शिपाई. रोज सकाळी सगळे गोल करून बसतात. आज स्वयंपाक कोण करणार, दारावर बोलणार कोण, झाडू कोण मारणार, सगळं तिथं ठरतं. त्याला मशवरा म्हणतात. उजवीकडून सुरू करून एकेकाला राय विचारायची, प्रोफेसर असो नाहीतर हमाल. मग अमीर जे ठरवील ते सगळ्यांना मान्य. खोटं कशाला बोलू, हे मला आवडतं. आमच्या विहाराच्या कमिटीत तीन माणसं एका सतरंजीवर शांत बसली तर मी पेढे वाटीन.

पण ते मशिदीत ठीक आहे हो. या माणसानं मशवरा घरात आणला. सकाळी भिंतीपलीकडून हाक येते, "मंदाताई, भेंडी की दोडकी? तुमची राय?" मी म्हणते, भेंडी. भाभी म्हणते, भेंडी. दूधवालाही भेंडी म्हणतो. मग ते थोडा वेळ डोळे मिटतात आणि दोडकी आणतात. वर ऐकवतात की राय द्यायची असते, हट्ट धरायचा नसतो.

आणि चाळीस दिवस घर सोडून जायचं असलं की? तेव्हा भाभीची राय कुणी घेतली नाही. कोपऱ्यातली वळकटी दारात आली की तिनं समजून घ्यायचं. असा हा मशवरा.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या इम्रानचं लग्न झालं, बजाजनगरला. एकुलता एक पोरगा, राहायलाही तिकडंच. आणि बाप कुठं? वैजापूरला, चाळीस दिवसांच्या मुक्कामावर. अहो, वैजापूर! दीड तासाचा रस्ता. एसटीत बसला असता तर निकाह लावून, जेवून, संध्याकाळी परत मशिदीत पोचला असता. इम्रान दाराकडं बघत राहिला. मौलवीसाहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं, मग निकाह लावला. परत आल्यावर मी भिंतीवरून विचारलं, तुमच्या लोकांना सांगितलं नाही का, पोराचं लग्न आहे म्हणून? तर म्हणाले, "नै. आपलं घरचं काम मधे आणायचं नै." मी हातातली कात्री आपटली. पातं वाकडं झालं.

तेव्हापासून बापलेकाचं बोलणं बंद. इम्रान इकडं फिरकत नाही, हे तिकडं जात नाहीत. आणि भाभी तर त्यांच्यावर कडी. म्हणते, जाऊ तर दोघं जाऊ, मी एकटी गेले तर ते आणखीनच एकटे पडतील. हिचाही मला रागच येतो.

मागच्या आठवड्यात इम्रानला मुलगी झाली. भाभीनं फोनवर फोटो पाहिला, आणि माझ्याकडून मऊ सुती कापड मागून घेतलं. कधी मशीनला हात न लावणाऱ्या बाईनं दोन दिवस बसून हातानं झबलं शिवलं. एक बाही मोठी, एक लहान. मला म्हणाली, "तू दे नेऊन. कशी दिसते ते येऊन सांग." युनूसभाई त्या दिवशी घरी नव्हते. महिन्याच्या तीन दिवसांसाठी गेले होते, तेही बजाजनगरच्याच एका मशिदीत. नातीपासून चार गल्ल्यांवर. मी बसमध्ये दात खातच गेले.

इम्रानकडं चहा घेत होते. चार-पाच वाजले असतील. बेल वाजली. इम्राननं दार उघडलं, आणि मला मागून सगळं दिसलं. दारात पाच माणसं. पुढं तिथलाच एक ओळखीचा, वाट दाखवायला. त्याच्याशेजारी बोलणारा. मागं बाकीचे गुपचूप. त्यांचा नियमच आहे, रस्त्यानं नजर खाली ठेवायची, कुणाच्या घरात डोकवायचं नाही. वाटाड्या म्हणाला, "भाईजान, जमात आली आहे, दोन मिनिटं." शेजारच्यानं इम्रानच्या चपलांकडं बघत सुरुवात केली, "भाई, अल्लाह का बडा एहसान है के..."

मान खाली होती, पण त्या बोलणाऱ्याचा पायजमा मी ओळखला. माझ्याच हातचा.

या घरात ते कधी आलेच नव्हते, तर दार कुठून ओळखणार? वाटाड्याला बिचाऱ्याला काय माहीत. स्वतःच्या पोराला भाई भाई म्हणत हा माणूस पाठ केलेलं बोलत होता. इम्रान म्हणाला, "अब्बा."

नजर वर आली आणि बोलणं तिथंच थांबलं.

मग मला राहवलंच नाही. दारात जाऊन दोन वर्षांचं सगळं काढलं. वैजापूर, दीड तास, घड्याळ बघणारा मौलवी, मापाचं नसलेलं झबलं, सगळं. मागं त्यांचा अमीर उभा होता, इम्रानच्याच वयाचा, शाळेत मास्तर आहे म्हणे. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "चाचा, वैजापूर में तो मैं भी था. बताया क्यों नहीं? हम सब आपको लेके आते."

युनूसभाईंनी टोपी काढली, हातात धरली.

"क्या बताता," ते म्हणाले. "तारीख मेरेको फोन पे बताए. हॉल कौनसा, बताए. खाने में क्या, वो भी बताए. पूछे नै. बाप हूं, एक बार कोई पूछता."

एकतीस वर्षं कंपनीत या माणसाला फक्त हे आण आणि ते ठेव एवढंच सांगितलं गेलं. मी तरी भिंतीवरून त्यांना कधी काय विचारलं होतं? हसलेच फक्त. त्या मशिदीतल्या गोलात रोज सकाळी त्यांची पाळी येते, आणि सगळे थांबून ऐकतात. राग तर माझा होताच, अजून आहे. पण तो आता कुणाकुणावर काढायचा ते मला कळेना.

इम्रान आत गेला आणि मुलीला घेऊन आला. एवढीशी, मुठी आवळलेली. म्हणाला, "परसों अकीका है, अब्बा. नाम उसी दिन रखना है. आप बोलो, क्या रखें?"

दूधवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना मतं विचारत फिरणारा माणूस. टोपी त्यांनी पार चुरगळून टाकली. मग लेकाकडं न बघता म्हणाले, "पहले तेरी अम्मी को पूछ. मैं भी उसको कब्बी पूछा नै."

मी भाभीला फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला.